न उगवलेले बी

इंग्रजी भाषेशी माझे पहिले भांडण झाले ते एका चार अक्षरांच्या शब्दावरून. डी, ई, बी, टी. अर्थ कर्ज. साल १९७३, मी सातवीत, आणि कर्ज होते आमच्या आप्पांच्या नावावर.

आप्पा शिवणकाम करत. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या बाजाराच्या गावात एका वाड्याच्या ओट्यावर त्यांचे एक मशीन होते. १९६९ मध्ये देशातल्या १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, पुढे वर्षा-दीड वर्षात आमच्याही गावात एक शाखा उघडली आणि छोट्या धंदेवाल्यालाही आता कर्ज मिळते अशी बातमी पेठेत पसरली. आप्पांनी नऊशे रुपये काढून दुसरे मशीन घेतले. पहिले सात-आठ हप्ते बिनचूक गेले. मग १९७२ चा दुष्काळ आला. गावेच्या गावे खडी फोडायला जात होती, तिथे नवा सदरा कोण शिवणार? हप्ते थकले आणि एक दिवस पोस्टमनने लांबुळके पाकीट आणून दिले. आत टाइप केलेले इंग्रजी पत्र.

घरात इंग्रजी येणारा मी एकटा. पाचवीत एबीसीडी सुरू झालेली, म्हणजे इंग्रजीचा अनुभव पुरता दोन वर्षांचा. पण त्या संध्याकाळी कंदिलाजवळ बसून मी ते पत्र मोठ्याने वाचले, आणि त्यातला एक शब्द दोनदा आला तो दोन्ही वेळा खणखणीत वाचला : ‘डेब्ट’. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मास्तरांच्या डिक्शनरीत अर्थ पाहून आलो. उच्चारही पाहायचा असतो हे ठाऊक नव्हते. आप्पांना तो शब्द आवडला. ‘कर्ज’ म्हटले की मान खाली जाते, ‘डेब्ट’ म्हटल्यावर तितकी जात नाही असे त्यांना वाटले असावे. दोन दिवस ते तो शब्द घोळवत होते.

तिसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ते बँकेत गेले. धुतलेली टोपी, हातात पत्र. टेबलापलीकडच्या साहेबांना म्हणाले, ‘‘साहेब, आमचं डेब्ट किती राहिलंय तेवढं सांगा.’’

साहेबांनी मान वर केली. ‘‘काय राहिलंय?’’

‘‘डेब्ट.’’

साहेब हसले. नुसते हसले असते तरी चालले असते, पण त्यांनी पलीकडच्या कारकुनाला हाक मारली. ‘‘ऐकलंत का, मास्तरांचं डेब्ट राहिलंय!’’ (टेलरला सगळे मास्तरच म्हणत.) तिघे-चौघे हसले. मग साहेबांनी समजावून सांगितले, ‘‘अहो, डेब्ट नाही, डेट. डेट म्हणायचं.’’

आप्पांना ‘डेट’ हा शब्द ठाऊक होता. लग्नसराईत कपडे द्यायच्या तारखेला गिऱ्हाइके डेटच म्हणत. ते नम्रपणे म्हणाले, ‘‘तारीख नाय विचारत साहेब. पैसे विचारतोय.’’

त्यानंतरचे हसणे मला अजून ऐकू येते. पैशांचा आकडा कळला, पुढच्या बाजारी थोडे भरतो असे सांगून आम्ही बाहेर पडलो. मी रडवेला झालो होतो, कारण चूक माझी होती. आप्पा मला काही बोलले नाहीत. वेशीपाशी आल्यावर त्यांनी पत्र उघडले, त्या शब्दावर बोट ठेवले आणि तिसऱ्या अक्षराकडे पाहत विचारले, ‘‘हे ब आहे ना? मग ते म्हणायचं नसेल तर तिथं घातलंय कशाला?’’

मला उत्तर देता आले नाही. पुढे ३६ वर्षे मी स्वतः बँकेत काढली, कादंबऱ्या लिहिल्या, शब्दकोश विकत घेण्याचे व्यसन लावून घेतले, आणि या सगळ्यात आप्पांच्या त्या प्रश्नाचे उत्तर तुकड्यातुकड्याने जमा होत गेले. ते ऐकायला आप्पा राहिले नाहीत.

ते बी कुणीतरी मुद्दाम घातले आहे. इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला तेव्हा त्यात बी नव्हते. चौदाव्या शतकातला इंग्रज तो ‘डेट’सारखा म्हणे आणि तसाच, बी-विना लिहीत असे. फ्रेंच लोक आजही आपला शब्द बी-विनाच लिहितात. पण पंधराव्या-सोळाव्या शतकांत इंग्लंडातल्या विद्वानांना लॅटिनचे वेड लागले. कर्जाला लॅटिनमध्ये ‘देबितुम्’ म्हणतात, तेव्हा त्या खानदानी शब्दाची खूण आपल्या गावठी शब्दावर असायला हवी, असे त्यांना वाटले. त्यांनी लेखणीने बी खोचून दिले. जिभेला कुणी विचारले नाही, आणि जीभ जुन्याच वाटेने चालत राहिली. तीच गोष्ट ‘डाउट’ची. फ्रेंच ‘दूत’, बी नाही. लॅटिन ‘दुबितारे’, बी आहे. म्हणून इंग्रजीत बी लिहायचे, म्हणायचे नाही. ‘सटल’ म्हणजे सूक्ष्म, त्यातही असेच एक बी झोपवून ठेवले आहे.

गंमत अशी की बँकेत हाच शब्द दुसऱ्या दाराने आला आणि ताठ मानेने आला. ‘डेबिट’. तोच लॅटिन ‘देबितुम्’, पण इथे बी मोठ्याने बोलते. एकाच आईची दोन लेकरे, एक बोलके, एक मुके. तिसरे लेकरू ‘ड्यू’. त्याच्यात तर बी लिहीतही नाहीत. मी लेजरमध्ये वर्षानुवर्षे डेबिट टाकले, ड्यू डेट पाहिल्या, डेट वसूल केले, आणि ही तिन्ही भावंडे आहेत हे निवृत्तीला चार वर्षे राहिली असताना कळले.

त्या लॅटिन शब्दाची फोड मोठी मजेदार आहे. ‘दे’ म्हणजे पासून आणि ‘हाबेरे’ म्हणजे जवळ असणे. दुसऱ्याचे काही त्याच्यापासून आपल्याजवळ असणे, ते कर्ज. आता ‘हाबेरे’मधले ब तेवढे उरले आहे आणि तेच ‘डेट’मध्ये मुकाट्याने बसले आहे. म्हणजे आप्पांनी ज्या अक्षरावर बोट ठेवले होते त्याचाच अर्थ ‘जवळ आहे’. ‘डाउट’चे मूळही असेच बोलके. लॅटिनमध्ये दोनाला ‘दुओ’ म्हणतात, त्यावरून ‘दुबितारे’, मन दोन ठिकाणी असणे. आपण द्विधा म्हणतो तेच.

हे दोन शब्द माझ्या नोकरीत हातात हात घालून आले ते १९९२-९३ च्या सुमारास. नरसिंहम समितीचा अहवाल १९९१ चा. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने कर्जांची प्रतवारी ठरवून दिली : स्टँडर्ड, सब-स्टँडर्ड, डाउटफुल आणि लॉस. मार्चअखेरीस रात्री जागून आम्ही याद्या करायचो. कर्ज थोडे आजारी असते तेव्हा ते सब-स्टँडर्ड, तिथे बी ऐकू येते. जास्त आजारी झाले की डाउटफुल, तिथे बीची वाचा बसते. हा विनोद मी तेव्हा सहकाऱ्यांना सांगितला होता. कुणी हसले नाही. मार्चअखेरीला बँकेत कुणी हसत नाही.

पण मुके बी असलेले सगळेच शब्द पंडितांनी बिघडवलेले नाहीत. याहून मोठा गोतावळा आहे तो एम आणि बी यांच्या जोडीने संपणाऱ्या लहान शब्दांचा. लॅम म्हणजे कोकरू, क्लाइम म्हणजे चढणे, कोम म्हणजे कंगवा, वूम म्हणजे गर्भाशय, टूम म्हणजे थडगे, थम म्हणजे अंगठा, लिम म्हणजे हात किंवा पाय, क्रम म्हणजे पावाचा चुरा, नम म्हणजे बधिर, डम म्हणजे मुका. लिहिताना या सगळ्यांच्या शेपटाला बी आहे आणि बोलताना कुणाच्याही नाही. मुका या अर्थाच्या शब्दातलेच अक्षर मुके असावे, हा योग इंग्रजीतच जुळतो. शेवट ओ-एम-बी असा सारखा असूनही कोम, वूम आणि बॉम यांत स्वर तिन्हींत निराळा, ही आणखी वेगळी छळणूक. मराठी माणसाने यावर आपल्यापुरता तोडगा काढलेला आहे. आपण बॉम्ब म्हणतो, प्लंबर म्हणतो, ब वाजवून म्हणतो आणि नळ दुरुस्त होतो. प्लंबरमधले ब आहे ‘प्लुंबुम्’ या लॅटिन शब्दातले, म्हणजे शिसे. पूर्वी नळ शिशाचे असत. शाळेत रसायनशास्त्रात शिशाची खूण पीबी का, हा प्रश्न पडलेल्यांना हे त्याचे उत्तर. आणि भिंत सरळ आहे की नाही हे पाहायला गवंडी जो ओळंबा सोडतो, त्यालाही इंग्रजीत ‘प्लम’च म्हणतात, दोरीला शिसे बांधलेले म्हणून. आपल्या गवंड्याच्या ओळंब्यात ब स्वच्छ वाजतो.

या गोतावळ्यात दोन जातींची माणसे आहेत. लॅम, क्लाइम, कोम, वूम, डम यांत ब पूर्वी खरोखर उच्चारला जात होता. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजाने कोकराला हाक मारली असती तर ती ब सकट ऐकू आली असती. पुढे आवाज गेला, अक्षर राहिले. घरातला माणूस गेल्यावर खुंटीवर त्याची टोपी राहते तसे. थम, लिम, क्रम, नम यांची गोष्ट उलटी. यांत ब मुळात नव्हताच. शेजाऱ्यांच्या शेपटीला बी दिसले म्हणून लिहिणाऱ्यांनी यांनाही लावून दिले. म्हणजे डेटमधले बी पंडिताने आणलेले, लॅममधले वारलेले, आणि थममधले देखादेखी शिरलेले. बोलताना तिघांचा हिशेब शून्य.

जर्मन लोक यांचेच चुलतभाऊ. त्यांच्याकडेही कोकरू आहे, कंगवा आहे, मूर्ख आहे, तेच शब्द आहेत. त्यांनी ब गेल्यावर अक्षरही काढून टाकले. बँकेच्या भाषेत बोलायचे तर जर्मनांनी राइट-ऑफ केले आणि इंग्रजांनी बुडीत खाते अजून वहीत जिवंत ठेवले आहे.

म नंतर ब येतो का आणि जातो का, याचे कारण आपल्याला इंग्रजांपेक्षा सोपे जावे, कारण आपली बाराखडी शास्त्राने मांडलेली आहे. प, फ, ब, भ, म. पाचही ओठांवरची. म म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि हवा नाकातून जाते. म संपून पुढचे र किंवा ल म्हणायचे असेल तेव्हा नाकाची वाट क्षणभर आधी बंद झाली आणि ओठ मग उघडले, की मध्ये एक ब फुटतो. खोटे वाटत असेल तर ‘आम्र’ हा शब्द भराभर दहा वेळा म्हणून पाहा. पाचव्या-सहाव्या वेळी आंबा पिकायला लागतो. आम्रचा आंबा असाच झाला, ताम्रचे तांबे असेच झाले. लॅटिनमध्ये संख्येला ‘नुमेरुस्’ म्हणत, फ्रेंचांच्या ओठांवर त्यात ब आला आणि इंग्रजांकडून आपल्याला नंबर मिळाला. लॅटिनमध्ये कमानीच्या छपराच्या खोलीला ‘कामेरा’ म्हणत, तिच्यातून ब घेऊन निघाला तो वकिलांचा चेंबर आणि ब न घेता निघाला तो फोटोवाल्याचा कॅमेरा. आप्पांच्या बोटात सुई टोचू नये म्हणून घालायची पितळी टोपी असे, तिला इंग्रजीत ‘थिंबल’ म्हणतात. ‘थम’वरूनच झालेला शब्द, आणि यात मात्र पुढे ल असल्यामुळे ब चक्क वाजतो. चुरा म्हणजे क्रम, ब मुका. चुरा होणे म्हणजे क्रंबल, ब बोलका.

आणि शब्द म-ब वरच संपत असेल तर? पुढे काही म्हणायचेच नसते. ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात. ब साठी पुन्हा कोण उघडणार?

हे काही गोऱ्या ओठांचेच नाही. आपल्या शेजारी हिंदीत पाहा. आपण आंबा म्हणतो, ते आम म्हणतात. आपण कडुनिंब म्हणतो, ते नीम म्हणतात. आपले जांभूळ, त्यांचे जामुन. प्रत्येक ठिकाणी आपला ब किंवा भ शिल्लक आहे आणि त्यांचा म मध्ये विरून गेला आहे. ‘लॅम’मध्ये जे झाले तेच ‘नीम’मध्ये झाले. फरक इतकाच, की हिंदीवाल्यांनी जसे म्हटले तसे लिहिले. कंगव्याची तर आपल्याशी नात्याची ओळख निघते. संस्कृतात ‘जम्भ’ म्हणजे दात, दाढ. तो आणि इंग्रजी ‘कोम’ हे एकाच प्राचीन मुळाचे शब्द. कंगव्याला दात असतात ना, ते हे दात. ‘जम्भ’मधला भ आपण उच्चारला आणि ‘कोम’मधला ब त्यांनी गिळला.

आता वाचक म्हणतील, आपली भाषा कशी साधी, जसे बोलतो तसे लिहितो. मीही असेच म्हणत असे. पण आमच्या पेठेतल्या वाण्याच्या दुकानात मला एकदा निराळा धडा मिळाला होता. आमची तिथे उधारी असे. दुकानातले म्हातारे काका बाळबोध अक्षरात वही लिहीत. उधारीच्या बाजूला मथळा होता ‘नांवें’. ‘नां’वर एक टिंब, ‘वें’वर एक टिंब. मी तो दोन्ही अनुस्वार नाकातून काढत वाचला. काका हसले नाहीत. चष्म्यावरून पाहत म्हणाले, ‘‘बाळ, ते टिंब वाचायचं नसतं. नुसतं बघायचं.’’

मी शाळेत जाईपर्यंत ती टिंबे पुस्तकांतून नाहीशी झाली होती. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांना १९६२ साली राज्य शासनाने मान्यता दिली आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार एका फटक्यात गेले. त्याआधी नांव, गांव, पांच, दांत, कांहीं असे सगळे लिहायचे. टिंबाला कारण होते. पांचमध्ये संस्कृत पञ्चचा ञ होता, दांतमध्ये दन्तचा न, नांव आणि गांव यांत नाम आणि ग्राम यांचा म. बोलणाऱ्यांनी ते आवाज केव्हाच सोडले होते, लिहिणाऱ्यांनी टिंब ठेवून त्यांची तिथी पाळली होती. म्हणजे इंग्रजांच्या बीचेच हे मराठी भावंड. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात अशी टिंबे जागोजाग आहेत. त्या नियमांवरून झालेले वाद मी नंतर वाचले. टिंबे गेल्याने शब्दांची कुळकथा पुसली गेली असे म्हणणारे विद्वान होते, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. पण मला विचाराल तर बरे झाले गेली. शब्दाची कुळकथा कोशात असावी, सहावीतल्या पोराच्या मानगुटीवर नसावी.

आणि तरीही सगळे पुसले गेले नाहीच. आपण ‘ऋण’ लिहितो आणि ‘रुण’ म्हणतो. तो ऋ म्हणजे आपला डेटमधला बी, संस्कृतच्या मानासाठी ठेवलेला. शेजारी ‘कर्ज’ आहे, अरबीतून फारसीमार्गे आलेले, जसे म्हणतो तसे लिहिलेले. पुस्तकाच्या पहिल्या पानावर ऋणनिर्देश असतो, बँकेच्या अर्जावर कर्ज असते. ऋणाने माणूस नम्र दिसतो. कर्जाने तो नुसता अडकतो.

इंग्रजांनीही हे सुधारण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. जॉर्ज बर्नार्ड शॉ १९५० मध्ये वारला तेव्हा त्याने मृत्युपत्रात इंग्रजीसाठी उच्चाराप्रमाणे चालणारी नवी वर्णमाला करण्याकरता पैसे ठेवले होते. ती वर्णमाला झाली, तिच्यात शॉचे ‘अँड्रोक्लीज अँड द लायन’ हे नाटक छापूनही निघाले. साल कोणते? १९६२. आमची टिंबे गेली तेच. आमची गेली ती गेलीच. शॉची वर्णमाला मात्र त्या एका पुस्तकाच्या पलीकडे फारशी सरकली नाही. सॅम्युएल जॉन्सनचा १७५५ चा कोश, त्याआधीची छापखान्यांची पावणेतीनशे वर्षे, यांनी इंग्रजी लेखन असे काही घट्ट करून ठेवले होते, की त्याला एका नाटककाराचे मृत्युपत्र पुरे पडणार नव्हते.

आप्पांच्या प्रश्नाचे इथवर उत्तर झाले. पण त्या दिवशीच्या हसण्याचे काय? त्याचा पत्ता मला शेक्सपिअरमध्ये लागला, आणि तो वाचून मी आरामखुर्चीतून उठून बसलो. ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’ हे त्याचे तरुणपणचे विनोदी नाटक, १५९८ मध्ये छापलेले. त्यात होलोफर्नीझ नावाचा एक पंतोजी आहे. लॅटिन फेकणारा, शिष्ट, हास्यास्पद. एका प्रवेशात तो एका माणसाच्या उच्चारांवर संतापतो. का? तर तो माणूस ‘डाउट’ आणि ‘डेट’ हे शब्द बी न उच्चारता म्हणतो! अक्षर लिहिले आहे, तर म्हटलेच पाहिजे, असे या पंतोजीचे म्हणणे. म्हणजे त्या काळी इंग्लंडात असे विद्वान होते, की ज्यांच्या मते ‘डेट’ म्हणणारा अडाणी आणि ‘डेब्ट’ म्हणणारा शहाणा. पुढे शंभर-दोनशे वर्षांत पारडे फिरले आणि आमच्या गावच्या बँकेपर्यंत पोचेतो ‘डेब्ट’ म्हणणारा अडाणी ठरला. शेक्सपिअरचा प्रेक्षक पंतोजीला हसला, बँकेतले साहेब आप्पांना हसले. पंतोजी निदान हट्टाने बी म्हणत होता. आप्पांनी ते मुलाने वाचून दाखवले म्हणून म्हटले.

तेव्हापासून मला वाटत आले आहे की मुके अक्षर हा एक प्रकारचा दरवान आहे. शब्द ज्याने घरात, आईबापांच्या तोंडून ऐकला, त्याला ते अडवत नाही. त्याला ते दिसतही नाही. ते अडवते शब्द पुस्तकात वाचून शिकणाऱ्याला. आमच्यासारख्यांनी इंग्रजी डोळ्यांनी शिकले. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पालथी घातली, व्याकरणात कुणाला हार गेलो नाही, आणि तोंड उघडले की पकडले गेलो. अक्षर न् अक्षर वाचण्याचा प्रामाणिकपणा हीच आमची चूक. आज महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, मोबाइल शब्द म्हणूनही दाखवतो. माझ्या नातीला ‘थम’ कधी शिकवावा लागला नाही, ती मला आल्या-गेल्या निरोपाला अंगठाच पाठवते.

पण मी हे सगळे लिहितो आहे म्हणून मी त्या साहेबांपेक्षा वेगळा होतो असे कुणी समजू नये. १९९९ च्या आसपासची गोष्ट. मी एका तालुक्याच्या शाखेत अधिकारी होतो. बचत गटाच्या चौघीजणी पैसे भरायला आल्या होत्या. त्यांतली पुढची बाई, कपाळावर घाम, पदराच्या गाठीतून नोटा मोजून दिल्यावर म्हणाली, ‘‘साहेब, रिसिप्ट द्या.’’ रिसीटमधला पी हा ‘डेट’मधल्या बीचा सख्खा भाऊ, तोही लॅटिनच्या मानासाठी घातलेला. मला त्या वेळी यातले काही ठाऊक नव्हते. मला फक्त ‘रिसिप्ट’ ऐकू आले, आणि मी शेजारच्या टेबलाकडे पाहून हसलो. अगदी थोडे. ओठांच्या कोपऱ्यात. बाईने ते पाहिले. तिने पुन्हा विचारताना तो शब्द वापरला नाही. ‘‘पावती द्या,’’ म्हणाली.

पावती लिहिताना माझी अक्षरे वेडीवाकडी आली. त्या रात्री जेवणावर मन नव्हते. बायकोने विचारले, तर मार्चअखेर म्हणालो. ऑक्टोबर चालू होता.

त्यानंतर मात्र एक नेम केला. काउंटरवर कुणी ‘थंब कुठं मारू?’ असे विचारले की मीही ‘इथं थंब मारा’ म्हणायचो, ब वाजवून. डाव्या अंगठ्याला शाई लावून कागदावर टेकवताना म्हातारी माणसे श्वास रोखतात. अशा वेळी उच्चार सुधारायला जाऊ नये.

आप्पांचे कर्ज १९७७ मध्ये फिटले. दोन्ही मशिने राहिली. बँकेचे तसे पत्र आले, पुन्हा इंग्रजीतच, टाइप केलेले. तोवर मी अकरावीत होतो आणि उच्चार पाहायला शिकलो होतो. आप्पांनी मशीन थांबवले, थिंबल काढून ठेवली आणि वाच म्हणाले. मी वाचले. आपले डेट पूर्णपणे फिटले आहे, अशा अर्थाचे वाक्य होते. मी ‘डेट’ असे अगदी शुद्ध म्हटले.

आप्पांनी पत्र माझ्या हातातून घेतले, चार वर्षांपूर्वीसारखे त्या शब्दावर बोट ठेवले. आमच्याकडे ‘बी’ म्हणजे ‘सुद्धा’. मी बी येतो, तू बी चल. अक्षराला त्यांनी एरवी ‘ब’ म्हटले असते, तेव्हा त्या क्षणी त्यांच्या मनात यांतले नेमके कोणते ‘बी’ होते हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

‘‘सगळं फेडलंय,’’ ते म्हणाले. ‘‘ते बी वाच.’’